अन्ननिर्यातबंदी आणि आंतरराष्ट्रीय नीती

एखादे धान्य किंवा भाजी देशात महागली, की सरकार तिची परदेशातली विक्री थांबवते. याला अन्ननिर्यातबंदी म्हणतात. अर्थशास्त्र तिच्याकडे भावाच्या अंगाने पाहते. नीतिशास्त्राचा प्रश्न निराळा आहे : आपल्या माणसाचे ताट आणि शेजाऱ्याचे ताट यांत सरकारने किती अंतर मानावे? नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. निफाड तालुक्यातील लासलगाव ही कांद्याची देशातील सर्वांत मोठी बाजारपेठ समजली जाते. दिल्लीत अधिसूचना निघाली, की पुढच्याच लिलावात ती क्विंटलमागे मोजता येते.

या प्रश्नावर दोन जुनी मते आहेत. पहिले मत असे, की सरकारला निवडून देतात ते आपले लोक, म्हणून त्याची बांधिलकीही त्यांच्याशीच. दुसरे मत भुकेला सीमा मानत नाही. ते सर्वांत रोखठोक मांडले ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक पीटर सिंगर यांनी, तेही १९७१ च्या नोव्हेंबरात, पूर्व बंगालमधल्या निर्वासितांचे हाल समोर ठेवून. माणूस दूर आहे म्हणून त्याच्याविषयीचे कर्तव्य घटत नाही, असे त्यांचे म्हणणे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की दुष्काळात पुष्कळदा अन्न असते. ते मिळवण्याची ऐपत आणि हक्क माणसाच्या हातून गेलेले असतात. निर्यातबंदी परदेशातल्या गरिबाची नेमकी हीच ऐपत एका रात्रीत घालवते.

अन्न अडवून दुसऱ्याला वाकवण्याचा अनुभव भारतानेही घेतला आहे. १९६५ ते १९६७ या टंचाईच्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन भारताला गहू थोडा थोडा करून सोडत. भारताने शेतीधोरण बदलावे हा त्यामागे एक हेतू होता आणि व्हिएतनाम युद्धावरची भारताची टीकाही त्यांना खुपत होती. (रेशनच्या दुकानातली लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, आठवणाऱ्यांना परक्या धान्यावर जगणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.) बांगलादेशाच्या वाट्याला याहून वाईट आले. त्याने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून १९७४ मध्ये, ऐन दुष्काळात, अमेरिकेने अन्नमदत रोखून धरली.

आंतरराष्ट्रीय नियमांचा धाक मात्र बेताचाच आहे. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे ११ वे कलम निर्यातीवर संख्यात्मक बंधने घालू देत नाही, पण अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराचे १२ वे कलम सांगते, की बंदी घालणाऱ्याने आयातदार देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितक्या आधी कळवावे. विकसनशील देशांना यातून सूट आहे. मात्र त्या मालाचा तो देश निव्वळ निर्यातदार असेल, म्हणजे आयातीपेक्षा निर्यात जास्त करत असेल, तर ती सूट उरत नाही. कांद्याच्या बाबतीत भारत निव्वळ निर्यातदार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीवर बंदी लावायची नाही, एवढे २०२२ मध्ये व्यापार संघटनेच्या जिनिव्हा परिषदेत ठरले.

‘आधी कळवावे’ हे दोन शब्द किरकोळ वाटतात, पण शेजारधर्माचा बराचसा भाग त्यांतच येतो. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांदा निर्यात अचानक बंद केली. पुढे बांगलादेशात भाव किलोला २०० टाकांच्या वर गेला आणि कांदा विमानाने आणावा लागला. बंदीनंतर आठवडाभरातच दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला बिनकांद्याचे जेवण करायला सांगितल्याचे हसत हसत ऐकवले. आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती, हे त्यांचे गाऱ्हाणे मात्र खरे होते. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तेच घडले आणि सीमेवर ट्रक अडकून पडले.

या सगळ्या वादात हिशेब होतो तो दोन्हीकडच्या खाणाऱ्यांचा. पिकवणारा त्यात सहसा नसतो, आणि या चर्चेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने टिकतो, त्यामुळे शेतकरी थोडा दम धरू शकतो. खरिपाचा लाल कांदा काही आठवडेही धड टिकत नाही. काढला की विकावा लागतो. ८ डिसेंबर २०२३ ची बंदी नेमकी या कांद्याच्या हंगामात आली. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचा, तर तो भार सरकारी तिजोरीनेही उचलता येतो. बंदीत तो थांबायची सोय नसलेल्या शेतकऱ्याच्या खिशातून जातो. बंदी चालू असतानाच सरकारने मित्रदेशांसाठी कोटे दिले. एप्रिल २०२४ मध्ये बांगलादेश, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, बहारीन आणि संयुक्त अरब अमिरात या सहा देशांचा कोटा ९९,१५० टन असल्याचे जाहीर झाले. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हे बरेच झाले. पण त्याच सुमारास गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची वेगळी वाट मिळाली आणि नाशिकमध्ये संताप उसळला. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, ४० टक्के निर्यातशुल्क राहिले. ते आधी २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेले.

दरम्यान बांगलादेशाने आपली लागवड वाढवली आहे. मार्च २०२३ मध्ये, तिकडचा कांदा निघण्याच्या हंगामात, त्याने आपल्या शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून भारतीय कांद्याची आयात थांबवली होती. बाजार चढल्यावर जूनमध्ये ती पुन्हा सुरू केली. त्यामुळे भारताच्या ज्या निर्यातबंदीला नाशिकमध्ये शिव्या बसतात, तीच बांगलादेशातल्या पाबना-फरीदपूरकडच्या कांदा उत्पादकाला दोन पैसे जास्त देऊन जाते.