झोपलेला गुलाब की मेलेला?

ताई टोरोंटोला असते. गेल्या उन्हाळ्यात शेजारणीकडून गुलाबाची फांदी मागून तिने कुंडीत लावली, मस्त पालवी आली, आणि डिसेंबरात सगळी पानं गळून नुसती काडी उरली. व्हिडिओ कॉलवर बघून आईने मालवणच्या पडवीत बसल्याबसल्या निकाल देऊन टाकला, "तां मेलां गो, उपटून टाक."

आईचं तरी काय चुकलं, आपल्याकडे गुलाब थंडीत पानं टाकून झोपतच नाही ना. पावसात शेंड्याकडून काळा पडत खाली येतो तो रोग, तेव्हा हिरव्या भागापर्यंत छाटायचं आणि सुपारीला मारतो तेच बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, पेस्ट करून लावायचं, नाहीतर रोप गेलंच. पण दारातला चाफा थंडीत बोडका होतो त्याला कोणी मेला म्हणतं का? तिकडच्या गुलाबाचं तसंच आहे.

ओळखायचं कसं, तर नखाने साल जराशी खरवडायची. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झोपलाय, तपकिरी आणि कोरडं असेल तर ती जागा गेली, मग अजून खाली खरवडून बघायचं. शेंडा मेला म्हणजे रोप मेलं असं नाही.

झोपलेल्याला मारायचे दोन हमखास मार्ग. एक, कीव येऊन हीटरच्या खोलीत आणणं, उजेड कमी आणि ऊब जास्त त्यामुळे लुळी फूट येते आणि कोरड्या हवेत कोळी ही बारीक कीड पडते. दुसरा, कुंडी तशीच उघड्यावर ठेवणं, कारण जमिनीतल्या मुळांना चहूबाजूंनी मातीचं पांघरूण असतं, कुंडीतली मात्र गोठतात. ताईने हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवली, 0 ते 5 डिग्रीच्या आसपास, आणि महिन्यातून एकदा माती सुकली असेल तरच कपभर पाणी.

एप्रिलमध्ये काडी वरून पूर्ण वाळलेली होती, खरवडलं तर कुठेच हिरवं नाही. ती टाकणार होती, मी म्हटलं मे महिना जाऊ दे. मग मातीतूनच लालसर कोंब वर आला. जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरलेलं कलम असतं तर खालून आलेली फूट बहुतेक त्या जंगलीचीच निघाली असती, पण हे फांदीचं रोप, स्वतःच्या मुळांवरचं, म्हणजे खालून आलं तरी तोच गुलाब.

आईला कोंब दाखवला तर म्हणते, "रंग खयचो गो?"