नाव तेच, फाइली त्याच, तरी दार बंद

एका कॉलेजच्या विभागात मॅक संगणकांवरची स्थानिक खाती मध्यवर्ती डिरेक्टरीवर, म्हणजे साऱ्या संस्थेच्या खात्यांच्या एकाच यादीवर, नेत होतो. एका प्राध्यापकांचं जुनं खातं काढलं, त्यांच्या सगळ्या फाइली असलेलं होम फोल्डर मात्र जपून ठेवलं आणि त्याच नावाच्या नेटवर्क खात्याने त्यांना लॉग-इन करायला सांगितलं. पासवर्ड चालला, पण डॉक्युमेंट्सच्या फोल्डरवर ‘प्रवेश बंद’चं लाल चिन्ह! वर्षानुवर्षांचं लेखन आत होतं. त्यांचा चेहरा उतरलेला मला आजही आठवतो.

फाइली जिथल्या तिथे होत्या. घोळ होता तो मालकाच्या ओळखीचा. मॅक काय किंवा लिनक्स काय, युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली फाइलच्या मालकाचं नाव लिहून ठेवत नाही, क्रमांक लिहून ठेवते. मॅकवर पहिल्या खात्याला ५०१ हा क्रमांक मिळतो, लिनक्सवर बहुधा १०००. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ‘एलएस -एलएन’ लिहिलं की नावांऐवजी हे आकडेच दिसतात. प्राध्यापकांच्या प्रत्येक फोल्डरपुढे ५०१ होतं. डिरेक्टरीने त्यांना दिलेला नवा क्रमांक चांगला लांबलचक होता. घराच्या पाटीवर नाव बरोबर, पण सातबाऱ्यावर जुनाच खातेदार, तसं झालं होतं.

मग डिरेक्टरी हवीच कशाला? कारण प्रत्येक मॅकवरचा पहिला माणूस ५०१च असतो. माझ्या यंत्रावर मी, तुमच्या यंत्रावर तुम्ही. यंत्रं एकेकटी असतात तोवर चालतं. सामायिक सर्व्हरवर आली की नुसत्या आकड्यावरून कोण कोणाचं ते कळेनासं होतं. डिरेक्टरी संपूर्ण संस्थेत एका माणसाला एकच क्रमांक देते. तिच्याशी बोलण्याची ‘एलडॅप’ ही भाषा १९९३च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात घडली. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २०००बरोबर आली. विंडोजमध्ये साध्या आकड्याऐवजी एसआयडी नावाची लांब ओळख असते, तत्त्व मात्र तेच.

म्हणून खरं काम फेरफार नोंदवण्याचं. आधी बॅकअप, आणि दुसरं ॲडमिन खातं तयार. डिस्क फाइलव्हॉल्टने, म्हणजे मॅकच्या एन्क्रिप्शनच्या सोयीने, कुलूपबंद असेल तर ते उघडण्याचा अधिकार त्या दुसऱ्या खात्याला आहे, याची खात्री आधी करावी. ही पायरी कृपा करून टाळू नका. मग जुनं खातं काढायचं, होम फोल्डर ठेवून. त्याच नावाचं स्थानिक खातं राहिलं तर मॅक आधी घरातच शोधतो आणि नेटवर्कपर्यंत पोचतच नाही. फोल्डरला नव्या खात्याचं नाव द्यायचं आणि शेवटी आतल्या एकूण एक फाइलचा मालक बदलायचा. लॅपटॉप असेल तर ‘मोबाइल खातं’ करावं, म्हणजे नेटवर्क नसतानाही लॉग-इन होतं.

प्राध्यापकांच्या मॅकवर मालक बदलण्याची ही शेवटची कमांडच राहून गेली होती. ती चालवली, काही मिनिटं गेली, लाल चिन्हं गेली. साठवलेल्या पासवर्डांची किचेन मात्र जुनाच पासवर्ड मागत राहिली, कारण तिचं कुलूप त्याच पासवर्डाने लावलेलं होतं. सुदैवाने तो त्यांना आठवत होता.