टोरंटमधली सावड आणि सीडरचा प्रश्न

टोरंटवर कोणत्या पिअरला (म्हणजे आपसात फाईलचे तुकडे वाटणाऱ्या संगणकांपैकी कोणाला) द्यायचं आणि कोणाला थेट बंदी घालायची, हा वाद २०२४ पासून पुन्हा पेटला आहे. निमित्त आहे काही विचित्र पिअरचं. ते सीडरकडून, म्हणजे फाईल पूर्ण असून नुसती देत राहणाऱ्याकडून, तासन्‌तास डेटा ओढतात आणि आपली प्रगती मात्र शून्यावर किंवा एकाच आकड्यावर अडकलेली दाखवतात. २ जीबीची फाईल त्यांना कितीही वेळा दिली तरी त्यांची ती पूर्ण होत नाही. याचा सर्वांत जास्त त्रास चीनमधल्या सीडरना झाला आणि त्यांच्यातूनच ‘पीअरबॅनहेल्पर’सारखी साधनं निघाली. आपण प्रत्यक्ष किती दिलं आणि समोरचा किती मिळाल्याचं सांगतो, हे ती ताडून पाहतात आणि मेळ बसला नाही की त्याला बाहेर काढतात. या मंडळींचा निष्कर्ष असा: तिथे घरगुती जोडणीवरून डाउनलोडच्या मानाने फार अपलोड झालं की इंटरनेट कंपनी कारवाई करते. घरच्या जोडणीवरून पैसे घेऊन व्हिडिओ पुरवणारे मग तोल राखण्यासाठी टोरंटवरून नुसते बाइट ओढून घेतात. फाईल त्यांना नकोच असते.

हे टोक नवं असलं तरी त्यामागचा प्रश्न वीस वर्षांहून जुना आहे. ज्याला परत काही घ्यायचं नाही त्याने कोणाला द्यावं आणि कशाच्या आधारावर? बिटटोरंटच्या न्यायाची चर्चा बहुतेक वेळा ‘जशास तसे’पाशी, म्हणजे जो मला देतो त्यालाच मी देतो या नियमापाशी, सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते खरी गाठ पुढे, सीडरपाशी आहे.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण त्याने बरीच भांडणं विनाकारण लावली आहेत. बिटटोरंटमध्ये लीचर म्हणजे ज्याची फाईल अजून पूर्ण झालेली नाही असा कोणीही. तो भरभरून अपलोड करत असला तरी लीचरच. ईम्यूल या दुसऱ्या फाईल-वाटप जाळ्याच्या जगात मात्र ‘लीचर मॉड’ म्हणजे फसवणुकीसाठी मुद्दाम बदललेला क्लायंट, म्हणजे फाईल उतरवण्याचं सॉफ्टवेअर. शब्दाचं मूळ जळूत आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला दुसराच अर्थ जवळचा वाटतो. क्लायंटच्या खिडकीत ‘सीडर १२, लीचर ४०’ दिसलं की नवख्या माणसाला वाटतं, चाळीस जण फुकट ओढतायत. प्रत्यक्षात त्या चाळिसांच्या आपसातल्या देवाणघेवाणीवरच तो स्वॉर्म, म्हणजे एका फाईलभोवतीचा पिअरचा थवा, उभा असतो.

बिटटोरंटच्या आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००० च्या ऑगस्टमध्ये न्यूटेला या फाईल-वाटप जाळ्यावर झालेल्या एका मोजणीत जवळपास ७० टक्के वापरकर्ते एकही फाईल शेअर करत नव्हते आणि मिळणाऱ्या उत्तरांपैकी सुमारे निम्मी उत्तरं वरच्या १ टक्का यंत्रांकडून येत होती. काझा या तशाच दुसऱ्या जाळ्याने यावर ‘सहभाग पातळी’ आणली: जितकं दिलं त्या प्रमाणात गुण, आणि जास्त गुणवाल्याला रांगेत पुढे जागा. पण ते गुण वापरकर्त्याचाच क्लायंट सांगायचा. काझा लाइट नावाची बदललेली आवृत्ती आली, तिने तो आकडा कायमचा १००० वर ठेवला आणि ती योजना तिथेच पोकळ झाली. मोजो नेशन या आणखी एका फाईल-वाटप जाळ्याने स्वतःचं डिजिटल चलनच काढलं होतं. प्रत्येक सेवेला भाव, प्रत्येक बाइटचा हिशोब. तेही टिकलं नाही.

काझाच्या चुकीवर ईम्यूलने काढलेला तोडगा मला अजूनही हुशारीचा वाटतो. मी तुला किती दिलं याची नोंद तुझ्याकडे राहणार, माझ्याकडे नाही. पुढे कधी मी तुझ्या रांगेत उभा राहिलो तर तू तुझी वही बघून माझा नंबर वर सरकवणार, जास्तीत जास्त दहापटीपर्यंत. नोंद घेणाऱ्याकडे असल्यामुळे मला ती फुगवता येत नाही. दुसऱ्याच्या नावाने कोणी येऊ नये म्हणून ओळखीची गुप्त किल्लीही असते. शिवाय अपलोडची मर्यादा फार खाली ठेवली तर डाउनलोडही त्याच्या तीन-चार पटीत अडकवलं जातं. अडचण एवढीच होती की लाखोंच्या जाळ्यात तीच दोन माणसं पुन्हा समोरासमोर येण्याची शक्यता कमी. वही लिहिली जायची, पण ती उघडायची वेळ क्वचितच यायची.

बिटटोरंटचा कर्ता आधी मोजो नेशनवरच काम करत होता. २००१ मध्ये त्याने जे बाहेर आणलं त्यात चलन नव्हतं, वहीही नव्हती. ती सरळ सावड होती. आज माझी बैलजोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या. कुठे याला पैरा म्हणतात. कोण किती चांगला हे सावडीत विचारायचं नसतं, चालू हंगामात कोण माझ्या रानात उभा आहे एवढंच बघायचं असतं. मूळ क्लायंट दर १० सेकंदांनी हेच करायचा. गेल्या २० सेकंदांच्या सरासरीत मला सर्वांत वेगाने कोण देतंय ते पाहायचं, त्यांना अनचोक करायचं (म्हणजे द्यायला लागायचं) आणि बाकीच्यांना चोक (म्हणजे देणं थांबवायचं). चारांपैकी एक जागा मात्र दर ३० सेकंदांनी कोणालाही नशिबाने मिळायची. हा ऑप्टिमिस्टिक अनचोक. तो नसता तर ज्याच्याकडे एकही तुकडा नाही त्याने सुरुवात कुठून केली असती? २००३ मध्ये कर्त्याने स्वतः लिहिलेल्या निबंधात हे सगळं मांडलेलं आहे, आणि ‘जशास तसे’ हा शब्द तिथूनच सगळीकडे पसरला.

आता ज्यावर वाद आहे तो निर्णय. ज्याची पेरणी आटोपली, त्याला सावडीची गरज राहत नाही. त्याने आपले बैल कोणाच्या रानात न्यावेत? सीडरला कोणी काही देत नाही, त्यामुळे ‘मला कोण वेगाने देतंय’ ही कसोटी त्याच्यापुरती निरर्थक होते. मूळ क्लायंटने यावर एक सोपा पर्याय निवडला: मी ज्याला सर्वांत वेगाने देऊ शकतो, त्याला द्यायचं. यामागचा विचार असा की सीडरची सगळी अपलोड क्षमता वापरली जाईल आणि ज्यांना सध्या दुसरं कोणी देत नाही अशांकडे आपोआप जास्त डेटा जाईल. वेगवान पिअरच्या हातात तुकडे लवकर पडले की ते पुढेही लवकर वाटले जातील, अशीही आशा होती.

आशाच, कारण तो पुढे वाटतो की नाही हे सीडर तपासतच नाही. मोठ्या जोडणीचा, कोणालाही काहीही न देणारा पिअर या नियमात सर्वांत लाडका ठरतो. सावकाश जोडणीवरून इमानाने अपलोड करणारा मागे राहतो. लीचरांच्या आपसात काटेकोर परतफेड, आणि शिवारातल्या सर्वांत श्रीमंत घरापुढे मात्र ज्याची बैलगाडी मोठी त्याचीच वर्णी. याला न्याय म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

२००५ मध्ये अधिकृत क्लायंटच्या चौथ्या आवृत्तीत हा नियम बदलला. वेग पाहणं बंद झालं आणि वेळ पाहणं सुरू झालं. सर्वांत अलीकडे ज्यांना संधी मिळाली ते यादीत वर राहतात, दर तीनपैकी दोन फेऱ्यांत एक नवा पिअर नशिबाने आत येतो आणि जुने हळूहळू खाली ढकलले जातात. कोणाचीही जागा कायमची नाही. पुढच्याच वर्षी खऱ्या टोरंटवर केलेल्या मोजणीत दिसलं की या पद्धतीत सीडर प्रत्येक लीचरला जवळपास सारखा वेळ देतो. फुकट्याचा वाटा शून्य होत नाही हे खरं. पण त्याला इतरांच्या वाट्यावर बसून राहता येत नाही.

विरोधकांचं म्हणणंही सांगायला हवं. सगळ्यांना सारखा वेळ म्हणजे मंद पिअरवरही तितकाच वेळ खर्च होतो आणि नवी फाईल सुरुवातीला पसरायला उशीर लागू शकतो. एकच सीडर असलेल्या नव्या टोरंटसाठी ही चिंता खोटी नाही. त्यासाठीच सुपरसीडिंग आलं होतं. त्यात सीडर एकेका पिअरला एकेक तुकडा देतो आणि तो दुसऱ्या कोणाकडे पोचल्याचं दिसल्याशिवाय त्याला पुढचा देत नाही. पुढे वाटलं की नाही हे सीडरने तपासण्याचा हा पहिला ठोस प्रयत्न. सगळ्या क्लायंटनी २००५ चा बदल उचलला नाही, आणि तिथून वाट फुटली ती फुटलीच.

सीडरच्या या सैलपणाचा फायदा घेता येतो हे २००६ मध्ये ‘बिटथीफ’ने दाखवून दिलं. हा संशोधनासाठी मुद्दाम बनवलेला क्लायंट एक बाइटही अपलोड करत नव्हता. शक्य तितक्या पिअरशी जोडून घ्यायचं, सगळीकडून ऑप्टिमिस्टिक अनचोक गोळा करायचे आणि सीडरच्या जागा पटकवायच्या. त्याची डाउनलोडं पूर्ण झाली, काही वेळा तर अधिकृत क्लायंटपेक्षाही वेगाने. २००७ चा ‘बिटटायरंट’ वेगळ्या बाजूने आला. तो अपलोड करायचा, पण समोरच्याने अनचोक करावं एवढ्यापुरतंच, आणि वाचलेली क्षमता दुसरीकडे लावायचा. प्रयोगात त्याचा वेग मध्यमानाने ७० टक्के वाढला. मात्र सगळ्यांनीच हात आखडता घेतला तर सगळ्यांचं नुकसान होतं, हेही त्याच अभ्यासात आलं. २००८ मध्ये आणखी एका गटाने म्हटलं की हे ‘जशास तसे’ नाहीच, हा लिलाव आहे: वरचे तीन-चार बोली लावणारे जिंकतात आणि पाचव्याला, त्याने किती का दिलं असेना, काहीच नाही. त्यांनी दिलेल्याच्या प्रमाणात वाटा देण्याची पद्धत सुचवली. गणित म्हणून ती मला जास्त सरळ वाटते.

खासगी ट्रॅकरनी, म्हणजे फक्त सदस्यांना प्रवेश देणाऱ्या टोरंट साइटनी, मात्र सावड सोडून पुन्हा वही उघडली. प्रत्येक सदस्याचं अपलोड भागिले डाउनलोड म्हणजे रेशो, आणि तो ठरावीक पातळीखाली गेला की खातं बंद. यामुळे सीडर टिकले, जुन्या दुर्मीळ फाईल वर्षानुवर्षं जिवंत राहिल्या. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण एक साधा हिशोब तिथे कायम दुर्लक्षित राहिला. स्वॉर्ममध्ये कोणी डाउनलोड केलेला प्रत्येक बाइट दुसऱ्या कोणीतरी अपलोड केलेला असतो. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे सगळ्यांचा मिळून रेशो १ च्या वर जाऊच शकत नाही. कोणाचा ५ असेल तर कोणाचा तरी १ च्या खाली असणारच, त्याने कितीही दिवस सीड केलं तरी. म्हणून मग फ्रीलीच आलं, ज्यात डाउनलोड मोजतच नाहीत, आणि सीडिंगच्या तासांवर बोनस गुण आले. आकडे पुन्हा क्लायंटच सांगत असल्यामुळे खोटे रेशो कळवणारी साधनंही निघाली आणि ट्रॅकरना मान्य क्लायंटच्या याद्या ठेवाव्या लागल्या. काझाच्या १००० गुणांचीच ही पुढची आवृत्ती.

आपल्याकडे याची झळ वेगळ्या तऱ्हेने बसली. तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला अपलोडचा वेग डाउनलोडच्या काही अंशच असायचा, महिन्याच्या डेटाला मर्यादा आणि रात्री २ ते ८ मोकळीक. त्या सहा तासांसाठी गजर लावून उठणारे किंवा शेड्यूलर लावून झोपणारे महाराष्ट्रात घरोघरी होते. मीही त्यांतला. लिनक्सच्या डिस्क अशाच रात्रींतून उतरवल्या, आणि सकाळी ८ वाजता सीडिंग बंद करावं लागायचं कारण त्यानंतरचा प्रत्येक बाइट मोजला जायचा. असा माणूस सर्वांत वेगवान ठरत नाही, त्याचा रेशोही वाढत नाही. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत डीसी प्लस प्लस हे फाईल-वाटपाचं सॉफ्टवेअर चालायचं, तिथे नियम उलटा होता: हबमध्ये (सगळे जोडले जातात त्या केंद्रात) शिरायला आधी अमुक इतके जीबी शेअर दाखवा. जागा भरायला काहीही टाकलं तरी चालत असे, पण एकाच इमारतीतल्या वेगवान जाळ्यात ते कोणाला खुपलं नाही. आता फायबर आलं, अपलोड पुरेसं झालं, तर अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक ठेवतात. बाहेरून जोडणी आत येत नाही आणि सीड करायची इच्छा असूनही फारसं कोणाला देता येत नाही.

२०१८ मध्ये बिटटोरंट एका क्रिप्टोचलन कंपनीने विकत घेतलं आणि २०१९ मध्ये वेगाच्या बदल्यात टोकन देण्याची सोय आली. मोजो नेशनचं चलन फिरून पुन्हा तिथेच. बहुतेक खुल्या क्लायंटनी ती वाट धरली नाही.

सीडरचा २००५ चा प्रश्न मात्र अजून उघडा आहे, आणि तो अगदी शब्दशः पाहता येतो. क्यूबिटटोरंट या खुल्या क्लायंटच्या प्रगत सेटिंगमध्ये अपलोड चोकिंगच्या पद्धतीसाठी तीन पर्याय आहेत: पाळीपाळीने, सर्वांत वेगवान अपलोड, आणि अँटी-लीच. तिसरा पर्याय नुकतीच सुरुवात केलेल्यांना आणि पूर्ण व्हायला आलेल्यांना आधी देतो, मधल्यांना आपसात देवाणघेवाण करायला सोडतो. मी पहिला निवडलेला आहे.