तीन निरोप, सतरा वर्षं

केंब्रिजचे रॉजर नीडहॅम आणि झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातले मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली एका अवघड प्रश्नाला छोटंसं उत्तर दिलं. नेटवर्कवरच्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, मध्ये कोण कान लावून बसलंय ते माहीत नाही. तरी पलीकडचा माणूस तोच आहे याची दोघांची खात्री कशी पटावी? त्यांच्या पद्धतीतली चाव्या मिळवण्याची देवाणघेवाण बाजूला ठेवली, तर फक्त तीन निरोप उरतात.

अलका आणि तिची बँक घेऊ. प्रत्येकाची एक खुली चावी असते, ती सगळ्यांना ठाऊक. आणि एक खासगी, फक्त स्वतःपाशी. बँकेच्या खुल्या चावीने बंद केलेला निरोप बँकच उघडू शकते. अलका तसा बंद निरोप धाडते: ‘मी अलका, माझा आकडा ७३१.’ बँक ७३१ आणि स्वतःचा नवा आकडा ४०८, असे दोन्ही अलकाच्या चावीने बंद करून परत पाठवते. अलका ४०८ पुन्हा बँकेच्या चावीने बंद करून धाडते. ७३१ परत आला म्हणजे पलीकडे बँकच; ४०८ परत आला म्हणजे अलीकडे अलकाच. (खरे आकडे अंदाजाने ओळखता येणार नाहीत एवढे प्रचंड असतात.)

वाचताना कुठेही खटकत नाही. १९८९ मध्ये बरोज, अबादी आणि स्वतः नीडहॅम यांनी अशा पद्धती तपासायला खास तर्कप्रणाली आणली. तिने चाव्यांच्या ताजेपणाबद्दल शंका काढली, पण या तीन निरोपांत तिलाही वावगं दिसलं नाही.

१९९५ साली ऑक्सफर्डच्या गॅविन लो यांनी यातलं भोक दाखवलं, आणि पुढच्या वर्षी ते यंत्राकडून कसं शोधून घेता येतं तेही मांडलं. टोनी होअर यांच्या सीएसपी या गणिती भाषेत त्यांनी दोन प्रामाणिक पक्ष लिहिले आणि तिसरा ठग. ठगाला निरोप ऐकायची, अडवायची, पुन्हा पाठवायची मुभा होती. कुलूप फोडायची नव्हती. मग एफडीआर या मॉडेल चेकर प्रोग्रामने घडू शकणारा प्रत्येक क्रम तपासला.

समजा, अलका एका दुकानाशी संपर्क साधते आणि दुकानदारच ठग आहे. ती ‘अलका, ७३१’ दुकानाच्या चावीने बंद करून पाठवते. दुकानदार ते उघडतो, बँकेच्या चावीने पुन्हा बंद करतो आणि अलकाच्या नावाने बँकेला धाडतो. बँकेचं उत्तर अलकाच्या चावीने बंद. ते त्याला उघडता येत नाही. त्याला गरजही नाही! तो ते तसंच अलकाकडे सरकवतो. अलकाला आपला ७३१ दिसतो, दुकानाचंच उत्तर आलं असं ती समजते आणि ४०८ दुकानाच्या चावीने बंद करून पाठवते. दुकानदाराच्या हाती ४०८ पडतो, आणि तो आकडा बँकेच्या चावीने बंद करून तो बँकेला धाडतो. आता बँकेच्या लेखी अलका हजर आहे, आणि अलकाला बँकेशी काही बोलणं झाल्याचा पत्ताही नाही. एकही कुलूप फुटलेलं नाही.

मूळ लेखकांना मी दोष देणार नाही. त्यांचा शत्रू बाहेरचा होता. व्यवस्थेत रीतसर नाव असलेलाच कुणी फसवेल, हे त्यांनी धरलंच नव्हतं. लो यांच्या ठगाकडे मात्र स्वतःच्या अधिकृत चाव्या होत्या. माझ्या मते त्यांच्या कामाचं मोल इथेच आहे. यंत्राचा वेग कामी आला खरा, पण ठग कोण असू शकतो, हे आधी माणसाला ठरवावं लागलं.

इलाज एका शब्दाचा निघाला: दुसऱ्या निरोपात बँकेने स्वतःचं नावही घालायचं. दुकानाशी बोलतोय असं समजणाऱ्या अलकाला तिथे बँकेचं नाव दिसलं, की ती थांबते. एफडीआरला या सुधारित पद्धतीवर हल्ला सापडला नाही. पण यंत्राने तपासली होती मोजक्या पक्षांची छोटी व्यवस्था. छोटीत हल्ला नसेल तर कितीही मोठीत नसेल, हे लो यांनी हाताने सिद्ध केलं.

पुढे प्रोव्हेरिफ, टॅमरिन अशी तपासणीची अवजारं आली. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातला संवाद सांभाळणारं टीएलएस १.३ ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, पण त्याचे मसुदे आधीपासूनच तपासले जात होते. टॅमरिनने एका प्रस्तावित वाढीव भागातला दोष दाखवला, आणि तो अंतिम रूपाआधी काढला गेला.

मात्र आराखडा निर्दोष असला तरी कोड माणूसच लिहितो. २०१४ चा हार्टब्लीड दोष टीएलएसच्या आराखड्यात नव्हता. टीएलएस प्रत्यक्षात चालवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये लांबीची एक तपासणी राहून गेली होती. म्हणून आता कोडचीच सिद्धता देण्याकडे संशोधक वळले आहेत. २०१७ च्या अखेरीस आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये चाव्या ठरवणाऱ्या गणिताचा असा एक सिद्ध केलेला तुकडा बसवला गेला.