फ्रीमेसनरी

फ्रीमेसनरी ही जगातल्या बऱ्याच देशांत पसरलेली एक बंधुसंघटना आहे. तिचे मेंबर लॉज नावाच्या छोट्या गटांत जमतात, ठरलेले विधी करतात आणि गवंड्याची हत्यारं खुणेसारखी वापरून नीट कसं वागावं याचे धडे एकमेकांना देतात. एवढंच सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं, कारण फ्रीमेसन म्हटलं की डोक्यात पहिलं येतं ते म्हणजे डॉलरच्या नोटेवरचा डोळा आणि जग गुपचूप चालवणारी मंडळी. त्या गोष्टींकडे पुढे येऊच. पण या संघटनेचं खरं महत्त्व गुपितात नाहीये असं माझं स्पष्ट मत आहे, ते आहे एका दाव्यात, की दाराच्या आत आलं की लॉर्ड आणि दुकानदार, ख्रिश्चन आणि ज्यू एकाच पातळीवर बसतात. आणि हा दावा खरा करायला लोकांना दारावर किती वर्षं भांडावं लागलं तोच तिचा सगळ्यात वाचण्यासारखा इतिहास आहे.

आधी दोन गोष्टी क्लिअर करू. फ्रीमेसनरी हा धर्म नाही, पण मुख्य प्रवाहातल्या लॉजमध्ये यायचं तर कुठल्यातरी परमेश्वरावर श्रद्धा हवी, त्याला ते लोक विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात आणि तो राम की अल्ला की अहुरमज्द हे ज्याचं त्याच्यावर सोडतात. दुसरं, तिचं जगाचं असं एक हेडऑफिस नाही. प्रत्येक देशाची (अमेरिकेत तर प्रत्येक राज्याची) ग्रँड लॉज, म्हणजे तिथल्या लॉजांची वरची संस्था, स्वतंत्र असते आणि कोणाला मान्यता द्यायची, कोणाला नाही हे ती स्वतः ठरवते.

सुरुवात

मध्ययुगात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मोठमोठी कॅथेड्रलं उभी राहत होती, एकेक काम पन्नास-पन्नास वर्षं चालायचं. दगड घडवणाऱ्या कारागिरांची कामाच्या जागी एक शेड असायची, तिथेच काम, तिथेच जेवण, तिथेच नव्या पोराला शिकवणं, आणि त्या शेडला लॉज म्हणत. या कारागिरांचे कामाचे आणि वागणुकीचे लेखी नियम होते. त्यातलं सगळ्यात जुनं हस्तलिखित साधारण १३९० ते १४५० च्या दरम्यानचं आहे आणि ते चक्क पद्यात आहे. मग १५९८ मध्ये स्कॉटलंडच्या राजाचा बांधकामप्रमुख विल्यम शॉ याने लॉजसाठी पक्के नियम काढले, पुढच्याच वर्षी आणखी काढले, आणि एडिंबरोच्या लॉजच्या मीटिंगांच्या नोंदी १५९९ पासून आजपर्यंत टिकून आहेत.

पुढे गंमतीशीर बदल झाला, हातात कधी छिन्नी न धरलेले लोक या लॉजमध्ये यायला लागले. १६४१ मध्ये न्यूकॅसलला स्कॉटिश सैन्याबरोबर असलेला रॉबर्ट मरे मेसन (म्हणजे संघटनेचा मेंबर) झाला, १६४६ मध्ये वॉरिंग्टनला एलियास ॲशमोल, आणि ॲशमोलने ते स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला पक्की तारीख मिळते, १६ ऑक्टोबर. दोघंही पुढे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या सुरुवातीच्या मंडळींत होते. शिकल्यासवरल्या माणसांना गवंड्यांच्या संघात काय मिळत होतं? एक तर भूमिती आणि वास्तुविद्या म्हणजे फार प्राचीन ज्ञान अशी तेव्हाची समजूत होती, आणि दुसरं म्हणजे धर्मावरून देशात रक्तपात चाललेला असताना अशी जागा मिळणं जिथे धर्म आणि राजकारण दोन्हीवर वाद घालायला बंदी आहे, हे मला तरी जास्त पटण्यासारखं कारण वाटतं.

२४ जून १७१७ ला लंडनच्या चार लॉज सेंट पॉल कॅथेड्रलजवळच्या गूज अँड ग्रिडायर्न नावाच्या दारूच्या गुत्त्यात जमल्या, अँथनी सेयर नावाचा पहिला ग्रँड मास्टर निवडला आणि जगातली पहिली ग्रँड लॉज झाली, असा प्रचलित इतिहास आहे. ही हकीकत छापून आली ती मात्र १७३८ मध्ये, म्हणून काही इतिहासकार खरी स्थापना १७२१ ची धरतात. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन या स्कॉटिश पाद्र्याने संघटनेची घटना छापली. तिच्यात मेसनने कुठला धर्म पाळायचा तर ज्यावर सगळी माणसं एकमत होतील तेवढाच, बाकीची मतं ज्याची त्याच्यापाशी, असं कलम आहे. १७२३ साली एका पाद्र्याच्या हातून हे छापलं जातं ही लहान गोष्ट नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३४ मध्ये तीच घटना फिलाडेल्फियात पुन्हा छापली. मधल्या काळात इंग्लंडमध्येच दोन ग्रँड लॉज होऊन साठेक वर्षं एकमेकींशी भांडत होत्या, त्या १८१३ मध्ये एक झाल्या, ती आजची युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड.

लॉजच्या आत

लॉजची खोली म्हणजे सॉलोमन राजाच्या जेरुसलेममधल्या मंदिराची प्रतीकात्मक आवृत्ती. पूर्वेला मास्टर बसतो, पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन. मधे काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी. एका बाजूला ओबडधोबड दगड आणि एका बाजूला घडवून गुळगुळीत केलेला दगड ठेवलेला, माणूस लॉजमध्ये येताना कसा असतो आणि त्याने काय व्हायचं ते दाखवायला. दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन टायलर उभा, आतल्या बाजूला इनर गार्ड. एकमेकांना हाक ब्रदर अशीच मारायची. सेक्रेटरी, ट्रेझरर असतातच, आणि आजारी मेंबर, मेलेल्या मेंबरांच्या बायका-मुलं यांची विचारपूस करायला एक वेगळा पदाधिकारी असतो, त्याला आल्मनर म्हणतात. कोणी मास्टर झाला तरी साधारण वर्षभरासाठी, मग पुन्हा खाली येऊन बाकीच्यांत बसायचं.

मेंबर व्हायचं तर आधी कोणा मेसनने नाव सुचवावं लागतं, मग गुप्त मतदान होतं, पेटीत पांढरे आणि काळे गोळे टाकून, आणि काळ्या गोळ्यांमुळे माणूस बाहेर राहतो. मग दीक्षा. उमेदवाराकडची नाणी, अंगठी, घड्याळ, धातूचं सगळं काढून घेतात, डोळ्यांवर पट्टी, गळ्यात सैल दोरी, छातीची डावी बाजू उघडी, एका पायाची पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली. तशा अवस्थेत त्याला हाताला धरून खोलीत फिरवतात आणि तो ज्या धर्मग्रंथाला मानतो त्यावर हात ठेवून शपथ घेतो. काय हवंय विचारल्यावर उत्तर असतं, प्रकाश, आणि पट्टी सुटते. इंग्लिश पद्धतीत यानंतर जे होतं ते मला सगळ्यात आवडतं. नव्या माणसाला गरिबांसाठी काहीतरी दान द्यायला सांगतात, तो खिसे चाचपतो, आणि त्याच्याकडे तर काहीच नाही, सगळं दाराबाहेर काढून घेतलेलं. मग त्याला सांगतात की असा कोणी कफल्लक माणूस तुझ्यासमोर आला तर हा क्षण आठव. भाषणाने जे झालं नसतं ते इथे दोन मिनिटांत होतं.

त्यानंतर कोकराच्या चामड्याचा पांढरा एप्रन मिळतो. पायऱ्या मुख्य तीन आहेत, शिकाऊ, मग कारागीर, मग मास्टर मेसन, आणि प्रत्येक पायरीला वेगळी हत्यारं. शिकाऊला चोवीस इंची पट्टी, हातोडी आणि छिन्नी देतात, पट्टीचे चोवीस भाग म्हणजे दिवसाचे चोवीस तास, त्यातले काही प्रार्थनेला, काही कामाला, काही गरजू माणसाला. दुसऱ्या पायरीला गुण्या, ओळंबा आणि लेव्हल, म्हणजे व्यवहार काटकोनात, वागणं सरळ रेषेत आणि सगळे एका पातळीत. आपल्याकडचा कुठलाही गवंडी ही तिन्ही हत्यारं पिशवीत घेऊन फिरतो, त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. गुण्या आणि कंपास एकमेकांत अडकवलेले हे मेसनांचं चिन्ह, इंग्रजी मुलखात मधे बऱ्याचदा जी हे अक्षर असतं, भूमितीचं (जॉमेट्री) आणि देवाचं (गॉड).

तिसरी पायरी म्हणजे अक्षरशः नाटक असतं. सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम अबिफ याला तीन कामगार गाठतात, मास्टरची गुपितं सांग म्हणतात, तो सांगत नाही, ते त्याला त्याच्याच धंद्याच्या हत्यारांनी मारतात. यात हिरामचं काम उमेदवारालाच करावं लागतं, त्याला प्रतीकात्मक फटके बसतात, जमिनीवर निजवतात आणि मग हात धरून उठवतात. मरण येणारच आहे आणि दिलेला शब्द त्याहून मोठा आहे, एवढा त्याचा अर्थ. शपथ मोडली तर गळा कापू वगैरे जुन्या भयंकर शिक्षांचे शब्द इंग्लंडमध्ये १९८६ मध्ये शपथेतून काढून टाकले, तेही खरं म्हणजे प्रतीकच होते. विधी संपले की सगळे जेवायला बसतात, टोस्ट होतात, दानधर्माचे हिशोब होतात. यापुढे रॉयल आर्च, तेहेतीस डिग्र्यांची स्कॉटिश राइट असे फाटे आहेत पण मास्टर मेसनच्या वर अधिकाराने कोणी नसतं.

विरोध आणि अफवा

पोप बारावा क्लेमेंट याने १७३८ मध्येच कॅथलिकांना मेसन व्हायला बंदी केली, आणि १९८३ मध्ये व्हॅटिकनने ती कायम असल्याचं पुन्हा सांगितलं. अमेरिकेत १८२६ मध्ये विल्यम मॉर्गन हा माणूस मेसनांची गुपितं छापणार म्हणाला आणि गायब झाला, लोक इतके खवळले की मेसनविरोधी पक्षच निघाला आणि त्याच्या उमेदवाराने १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत व्हरमाँट राज्य जिंकलं. हिटलरच्या जर्मनीत आणि फ्रँकोच्या स्पेनमध्ये लॉज बंद केल्या, मेसनांना तुरुंगात घातलं. लोक मेसनांशी जोडतात ती इल्युमिनाटी ही वेगळीच गुप्त संस्था, बव्हेरियात ॲडम वाइसहाउप्टने १७७६ मध्ये काढलेली आणि दहाएक वर्षांत सरकारने मोडून काढलेली. डॉलरवरचा डोळा अमेरिकेच्या १७८२ च्या राजमुद्रेतून आलाय, तो मेसनांकडून घेतलेला नाही, देवाचा डोळा म्हणून ख्रिश्चन चित्रांत तो आधीपासूनच होता. जॉर्ज वॉशिंग्टन मात्र खराच मेसन होता, १७९३ मध्ये कॅपिटलची पायाभरणी त्याने एप्रन घालून केली, सगळ्या लोकांसमोर.

हिंदुस्थानात, आणि दाराचा प्रश्न

इंग्रजी व्यापार आणि पलटणींबरोबर लॉज सगळीकडे गेल्या. कलकत्त्यात १७३० च्या सुमारास, मद्रासला १७५२, मुंबईला १७५८. सुरुवातीला या गोऱ्यांच्याच. अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा १७७० च्या दशकात मेसन झाला, पण तो राजघराण्यातला, त्याच्यासाठी दार उघडलं म्हणून बाकीच्यांसाठी उघडलं असं नाही.

मुंबईची गोष्ट यात फार महत्त्वाची. माणकजी कर्सेटजी हे पारशी सुधारक, पुढे मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी ज्यांनी अलेक्झांड्रा शाळा काढली तेच, यांना मुंबईच्या लॉजमध्ये घ्यायला गोरे मेंबर तयार नव्हते. ते युरोपला गेले आणि पॅरिसमध्ये दीक्षा घेऊन मेसन झाले. म्हणजे नियमाने ते आता ब्रदर, तरी मुंबईत परत आल्यावर अडचण तीच. शेवटी जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टराने, जो पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनरीचा प्रमुख होता, डिसेंबर १८४३ मध्ये खास हिंदुस्थानी लोकांना घेण्यासाठी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज काढली. पारशी त्यात भराभर आले. फोर्टातल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटला ज्यांचं नाव आहे ते खर्शेदजी रुस्तमजी कामा तिथलेच. दादाभाई नौरोजी आणि फिरोजशहा मेहताही मेसन होते, आणि काँग्रेसच्या पहिल्या पिढीला सभा चालवायची, अध्यक्षाला मान द्यायची, मतदान घ्यायची सवय लागायला अशा जागांचा हातभार लागला असणार असं मला वाटतं.

हिंदूंसाठी दार आणखी उशिरा उघडलं. अनेक देव मानणारा माणूस एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, आणि जातीत सोवळं पाळणारा सगळ्यांबरोबर जेवायला कसा बसणार, हे दोन आक्षेप. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी अर्ज केला आणि जवळजवळ नऊ वर्षं पत्रव्यवहार करत राहिले, १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. त्याच शहरात १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, मेसन झाले. मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक किपलिंग १८८६ मध्ये लाहोरला मेसन झाला, तेव्हा एकवीसही पूर्ण नव्हती, पण लॉजला सेक्रेटरी हवा होता म्हणून खास परवानगी काढली.

सामान्य लोक बाहेरून लॉजला जादूघर म्हणत. मुंबईत फोर्टमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला फ्रीमेसन्स हॉल आजही वापरात आहे.

बॉस्टनला हाच प्रश्न कातडीच्या रंगावर आला. प्रिन्स हॉल आणि आणखी चौदा कृष्णवर्णीय माणसं १७७५ मध्ये एका ब्रिटिश पलटणीच्या लॉजमध्ये मेसन झाली, गोऱ्या अमेरिकन लॉजनी त्यांना मानलं नाही, त्यांनी सरळ लंडनकडे अर्ज करून १७८४ मध्ये स्वतःची सनद मंजूर करून घेतली. प्रिन्स हॉल मेसनरी म्हणून ती परंपरा चालू आहे, पण इंग्लंडच्या ग्रँड लॉजची औपचारिक मान्यता मिळायला १९९४ उजाडलं.

स्वातंत्र्यानंतर २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया झाली, रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. इथल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब आणि अवेस्ता यांना एकत्र मान आहे, ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. ज्या देशात हिंदूचा देव चालेल का यावर नऊ वर्षं कागद फिरले तिथे हे झालं, हे नीट लक्षात घ्यायला हवं.

बायकांना मात्र या ग्रँड लॉजमध्ये आजही जागा नाही. स्त्री-पुरुष दोघांनाही घेणारी ल द्रुआ युमँ ही संघटना १८९३ मध्ये पॅरिसला निघाली, ॲनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात गेल्या आणि त्यांच्यामुळे ती इंग्लंडात आणि हिंदुस्थानात आली, थिऑसॉफिस्ट मंडळींत ती चांगली रुजली. इंग्लंडमध्ये फक्त बायकांच्या दोन वेगळ्या ग्रँड लॉजही आहेत. १९९९ मध्ये युनायटेड ग्रँड लॉजने जाहीर केलं की स्त्रिया असणं सोडलं तर त्यांचं सगळं काम नियमानुसार आहे, पण त्यांच्या बैठकांना जायला आपल्या मेंबरांना परवानगी दिली नाही.