क्यू उद्यानाच्या वेशीवरचे विटांचे घर

इंग्लंडमधील मोठ्या जहागिरीच्या फाटकापाशी राखणदारासाठी जे छोटे घर बांधत, त्याला ‘लॉज’ म्हणत. राखणदार तेथे दोन-तीन खोल्यांत संसार करी आणि बग्गीची चाहूल लागताच फाटक उघडायला धावत बाहेर येई. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत अशी घरे ठिकठिकाणी उभी राहिली. वास्तुकलेच्या इतिहासात त्यांना सहसा तळटीपेपुरतीच जागा मिळते आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे असे मला वाटते. कारण जी नवी कल्पना सगळ्या हवेलीवर लादायला मालक कचरला असता, ती या चिमुकल्या इमारतीवर थोड्या खर्चात अजमावून पाहता येत असे.

लंडनजवळच्या क्यू उद्यानातील ‘टेम्परेट हाऊस लॉज’ याची साक्ष देते. क्यू १८४० मध्ये सरकारच्या ताब्यात आले. पण मुळात ती राजघराण्याची जहागीर होती. तेथे १८६७ मध्ये विल्यम ईडन नेसफील्ड या बत्तिशीच्या आसपासच्या वास्तुविशारदाने हे घर बांधले. याच उद्यानातील रस्त्यांची आणि वृक्षांच्या रांगांची आखणी त्याच्या वडिलांनी केली होती. गॉथिक कमानींची चलती असलेल्या त्या काळात नेसफील्डने उघड्या लाल विटेचे, चौरस, एकमजली घर निवडले, त्यावर पिरॅमिडसारखे चढे कौलारू छप्पर घातले आणि छपराच्या मधोमध एक भले उंच धुराडे उभारले. उद्यानातच १६३१ सालचा क्यू पॅलेस आहे. त्याच्या कोरीव वीटकामाशी या लॉजचे नाते पाहताक्षणी जाणवते. पुढे ‘क्वीन अ‍ॅन’ या नावाने लोकप्रिय झालेल्या शैलीचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते.

विटेला असे दिवस यायला करांतील बदलांचाही हातभार लागला. काचेवरील शुल्क १८४५ मध्ये रद्द झाले, विटांवर १७८४ पासून चालत आलेला कर १८५० मध्ये उठला आणि त्यापाठोपाठ १८५१ मध्ये खिडक्यांवरचा करही गेला.

ते धुराडे केवळ शोभेसाठी इतके उंच ठेवले असेल असे वाटू शकते, पण त्यात भौतिकशास्त्र आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते. १२० अंशांना ते ०.९ किलोच्या आसपास येते. हा फरक जितक्या उंचीच्या स्तंभात साठतो तितकी धुराड्याची ओढ वाढते. घर बुटके असेल तर ही उंची छपराच्या वरच मिळवावी लागते. शिवाय धुराड्याचे तोंड छपराच्या शिखरापेक्षा वर नसेल तर वाऱ्याच्या झोताने धूर उलटा खोलीत येतो. धुराडे घराच्या मध्यावर असल्याचा फायदा वेगळाच. बाहेरच्या भिंतीतील धुराडे थंडीत लवकर निवते, तर मधले उबदार राहते, त्याची ओढ टिकते आणि विटांत साठलेली उष्णता घरातच झिरपते. फाटकावरचे घर चारही बाजूंनी दिसते, त्याला मागची बाजू अशी नसतेच. त्यामुळे दर्शनी भिंती मोकळ्या ठेवण्याचा प्रश्नही यातून सुटला.

अशा कोरीव वीटकामामागची कारागिरी तर जवळून पाहण्यासारखी असते. त्यासाठीची वीट मुद्दाम मऊ ठेवतात. मातीत वाळूचे प्रमाण जास्त, खडे अजिबात नाहीत आणि भट्टीची आच बेताची. पिळाच्या तारेच्या करवतीने ती कापायची, दगडावर घासून नेमक्या मापाला आणायची, भिजवायची आणि निवळलेल्या चुन्यात बुडवून बसवायची. नेहमीच्या वीटकामात दरज सुमारे एक सेंटिमीटर असते. येथे ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते आणि लाल भिंतीवर पांढरी रेघ ओढल्यागत दिसते.

हा चुना वाळून नव्हे, तर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. सुमारे ९०० अंशांना चुनखडी भाजताना जो वायू निघून गेला, तोच परत घेऊन त्याचा पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. तरीही तो विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र राहतो, म्हणून भिंतीतील ओल दरजांतून बाहेर पडते. अशा भिंतीच्या दरजा पुढे कुणी सिमेंटने भरल्या की ओलीला विटेतूनच वाट काढावी लागते. हिवाळ्यात तिचे बर्फ होऊन फुगते आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या वीटकामाचे सर्वांत मोठे नुकसान अशा सद्हेतूने केलेल्या दुरुस्तीतूनच होते, हे पाहून खरोखर वाईट वाटते.

नेसफील्डचा प्रयोग क्यूपुरता राहिला नाही. उत्तर वेल्समध्ये ह्यूज घराण्याची किनमेल पार्क ही जहागीर होती. त्यांची संपत्ती अँगलसी बेटावरील पॅरिस डोंगराच्या तांब्याच्या खाणीतून आलेली होती. तेथेही त्याने १८६८ च्या सुमारास आधी ‘गोल्डन लॉज’ हे छोटे घर बांधले. मग १८७० च्या दशकात त्याच मालकासाठी त्याने लाल विटेची, चढ्या छपरांची आणि उंच धुराड्यांची भव्य हवेली याच नव्या शैलीत उभी केली.