‘मी त्याला बोललो’ आणि प्राकृतातला ‘बोल्ल’

‘मी त्याला बोललो, उद्या ये’ हे मुंबईत रोज कानावर पडणारे वाक्य प्रमाण मराठीला खटकते. तिथे ‘म्हणालो’ किंवा ‘सांगितले’ हवे. ‘आई मला बोलली’ म्हणजे आई रागावली. दोष बहुधा हिंदीच्या माथी मारतात, पण प्रमाण हिंदीत इथे ‘कहा’ येते. ‘मैं उसको बोला’ ही मुंबईच्या हिंदीची लकब.

‘बोलणे’चा मूळ धातू प्राकृतातला ‘बोल्ल’. १२व्या शतकात गुजरातेतल्या पाटणला हेमचंद्राने रचलेल्या सिद्धहेम व्याकरणाच्या आठव्या, म्हणजे प्राकृतावरच्या अध्यायात, चौथ्या पादाच्या दुसऱ्याच सूत्रात संस्कृत ‘कथ्’च्या (सांगणे) जागी विकल्पाने येणारे दहा धातू दिले आहेत: वज्जर, पज्जर, उप्पाल, पिसुण, संघ, बोल्ल, चव, जंप, सीस, साह.

‘बोल्ल’ हा ‘कथ्’पासूनच निघाला असे मानतात. हा सगळा घोळ अशा बदलाला दिलेल्या ‘धात्वादेश’ या संज्ञेने केला. आदेश म्हणजे एकाच्या जागी दुसरा ठेवणे. एकातून दुसरा निघाला असे त्यात कुठेही नाही. ‘कथ्’चा नियमाने होणारा ‘कह’ तर सूत्रकार वेगळा देतोच. शिवाय वृत्तीत, म्हणजे सूत्रावरच्या स्वतःच्या स्पष्टीकरणात, तो सांगतो, की हे शब्द इतरांनी देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेले, मानले होते. निरनिराळे प्रत्यय लावता यावेत म्हणून आपण त्यांना धातूंचे आदेश केले. म्हणजे ही मांडणीची सोय. तरीही ‘कथ् > बोल्ल’ असा बाण काढला जातो, आणि तो चूकच आहे.

संस्कृत ‘ब्रू’पासून (बोलणे) ‘बोल’ हीसुद्धा अशीच आवडती समजूत. अपभ्रंशात, म्हणजे प्राकृतानंतरच्या भाषेत, ‘ब्रू’चा ‘ब्रुव’ होतो असे तेच व्याकरण नोंदवते. ‘ल्ल’ येणार कुठून?

जैन आगमांत ‘बोल’ म्हणजे गर्दीचा कलकलाट. अर्थ जवळचा वाटतो, ध्वनी मात्र आडवा येतो. स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो (फल, फळ, कमल, कमळ), तर ‘ल्ल’चा ‘ल’ उरतो. म्हणून ‘बोलणे’मागे जोड ‘ल्ल’च हवा, एकट्या ‘ल’पासून ‘बोळणे’ झाले असते. १९६६ साली पूर्ण झालेल्या, टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशाने संस्कृत मूळ न देता तारांकित, म्हणजे कल्पित, ‘बोल्ल’ ठेवला, तो योग्यच.

मुंबईकराच्या ‘बोललो’चा अर्थ मात्र सूत्रातलाच, ‘सांगितले’. मराठी ‘सांगणे’ याच यादीतल्या ‘संघ’शी जोडतात.